सोमवारवर ढकललेला सांधा

आईबाप नाव ठेवतात, पण ते चालवायचं की नाही हे गल्ली ठरवते. त्याचं खरं नाव चर्चच्या नोंदवहीत होतं आणि तिथंच धूळ खात राहिलं. बाकी सगळं जग त्याला वायसर म्हणायचं. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा त्याच खिशात नळाचे रबरी वायसर ठेवायचा, अर्ध्या इंचाचे वेगळे, पाऊण इंचाचे वेगळे. कुणाच्या घरी गेला की आधी मोरीत जायचा आणि मग माणसांत. गळका नळ दिसला की यजमानाला तोंडावर सुनवायचा, "माणूस गेला तर चार दिवस रडता, आणि इथं वर्षभर नळ रडतोय तो ऐकू येत नाही?" चाळीस वर्षं त्यानं प्लंबरकी केली आणि चाळीस वर्षं एकच वाक्य मिरवलं : "माझा सांधा गळत नाही."

पाणीखात्याचं पत्र वाचलं गेलं ते रविवारी. आलं होतं गुरुवारीच. पण वाईट बातमी उपासना संपल्यावर, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी वाचायची अशी त्या मंडळीची रीत होती. म्हणजे लोक घरी जाताना निदान आशीर्वाद तरी घेऊन जातात.

पाळक तरुण होते. त्यांनी पत्र हळू आवाजात वाचलं, जणू काही आवाज कमी केला तर आकडा कमी होणार होता. गेल्या महिन्यात चर्चच्या मीटरवर नव्वद हजार लिटर पाणी गेलं होतं. पुढचा एक महिना सुधारायला. त्याच्या पुढच्या महिन्याचं पाणी मोजलं जाईल, आणि ते चाळीस हजारांच्या वर गेलं तर जोडणी तोडली जाईल. खाली सही, शिक्का.

दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. घराघरांत दिवसाला एक तास पाणी. पण चर्चची जोडणी जुन्या मोठ्या पाइपावरची, तिला चोवीस तास पाणी यायचं, आणि चोवीस तास येणाऱ्या गोष्टीची किंमत कुणाला असते? फुलदाण्यांचं पाणी रोज मोरीत. फरशी पाइपानं धुवायची. तहानलेल्यांनी यावं म्हणून व्यासपीठावरून हाक मारायची आणि मागं स्वयंपाकघरात नळ उघडा टाकून गप्पा हाणायच्या. देव सगळं बघतो म्हणतात. मीटरही बघत होता, एवढंच.

पंचांचे प्रमुख वकीलसाहेब उठले. इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसानं इस्त्री केलेलं बोलावं तसं ते बोलायचे. "उपाय सोपा आहे. फाटकाबाहेरचा नळ बंद करावा. ते पाणी आपण वापरतच नाही."

फाटकाच्या भिंतीला बाहेरच्या अंगाला एक नळ होता. गल्लीच्या टोकाला तेरा घरं होती, ज्यांना जोडणीच नव्हती. ती सगळी त्या नळावर जगत. तो मोठ्या पाळकांनी बसवून घेतला होता. मोठे पाळक म्हणजे आधीचे. नऊ वर्षांपूर्वी वारले, चर्चच्या पूर्वेच्या भिंतीलगत पुरले. आत न येणाऱ्यालाही तहान लागते, असं ते म्हणायचे.

वायसर शेवटच्या बाकावरून उठला. "साहेब, बाहेरच्या नळाला बायका हंडा लावतात. दर रविवारी तुमची गाडी आवारात धुतात ती पाइपानं. आधी कुठला बंद करू?"

दोन-तीन बाक हसले. वकीलसाहेबांच्या मानेवरची शीर तेवढी हलली. "मग तुम्ही सुचवा. की नुसतं बोलायचंच आहे?"

"पाणी मी खाली आणून दाखवतो," वायसर म्हणाला. "नाही आणलं तर बाहेरचा नळ मीच माझ्या हातानं काढीन. शब्द."

तो खाली बसला तेव्हा शेजारी बसलेली सून पुटपुटली, "बाबा, घरी विचारून तरी शब्द द्यायचा." सून दवाखान्यात नर्स होती. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातून दोन महिने घरी. त्यामुळे सासरा आणि सून एकमेकांना टोमणे मारून घर चालवत होते, आणि बरं चालवत होते.

दुसऱ्या दिवसापासून वायसरनं मंडळीचा जीव नकोसा केला. संडासाच्या टाक्यांत वाळू भरलेल्या बाटल्या बसवल्या, म्हणजे दर खेपेला दीड लिटर कमी. स्वयंपाकघरातल्या नळाची धार पिळून पेन्सिलीएवढी केली. प्यायला अर्धा ग्लास, हवा तर पुन्हा घ्या, पण उष्टं टाकायचं नाही. पेटी वाजवणारे मास्तर गाण्याच्या सरावाला बारा जणांना पाणी पाजायचे आणि सव्वीस ग्लास विसळायला टाकायचे. वायसरनं एका रविवारी ते ग्लास ओळीनं मांडून भर सभेत मोजले. मास्तर म्हणाले, "अरे, गळा ओला करायला लागतो."

"गळा ओला करा की. मोरीचा गळा कशाला ओला करताय?"

झाडलोट करणाऱ्या मावशींचा पाइप काढून घेतला आणि बादली दिली. मावशी भडकल्या. "माझी कंबर तुझ्या मीटरला जोडलीय का?" पण बादलीनं पुसायला लागल्या. वकीलसाहेबांची गाडी बाहेर धुतली जाऊ लागली. लोक चिडत होते आणि ऐकतही होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात वायसरचा हात भलताच साफ होता.

तीन आठवड्यांनी त्यानं मीटरच्या झाकणावर खडूनं लिहिलेले आकडे वजा केले. रोज तीन हजार जायचे, ते आता अडीच हजार जात होते. बस? अख्ख्या मंडळीला अर्ध्या ग्लासावर आणलं आणि फरक एवढाच?

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो जेवताना म्हणाला.

"हे वाक्य तुम्ही माणसांबद्दल रोजच म्हणता," सून म्हणाली. "आज पाण्याबद्दल म्हणताय, म्हणजे खरंच काहीतरी असेल."

सोमवारी चर्च बंद असतं. दुपारी त्यानं मावशींकडून किल्ल्या घेतल्या आणि आवारातली एकूण एक तोटी बंद केली. फाटकाबाहेरच्या नळापाशी जाऊन बायकांना विनंती केली की अर्धा तास थांबा. मग मीटरपुढं मांडी घातली. मीटरच्या काचेत एक लाल चकती असते, पाणी वाहिलं की फिरते. सगळं बंद असताना ती चकती आरामात फिरत होती.

तो एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेला. संडासाचा केला, चकती फिरतेच आहे. स्वयंपाकघराचा केला, फिरतेच आहे. फाटकाचा केला, तरी तेच. शेवटी राहिला बाप्तिस्म्याच्या हौदाचा. व्यासपीठासमोर लाकडी झाकणाखाली तो हौद होता, माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहील एवढा. वर्षातून दोनदा भरायचा. त्याचा व्हॉल्व्ह आवळला आणि वायसर धावत मीटरपाशी आला.

चकती उभी होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या हौदाचा पाइप एकतीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतः टाकला होता. पूर्वेच्या भिंतीलगत, फरशीखालून. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी त्या हौदातला पहिला बाप्तिस्मा, आणि ज्यांना पाण्यात उतरायचं होतं त्यांत तो आणि त्याची बायकोही होती. दोन पाइप जोडणारा एक सॉकेट कमी पडला. दुकानं बंद. मग एका जागी अर्ध्याच आट्यांवर सांधा बसवला, ताग गुंडाळला, सफेदा थापला. मोठ्या पाळकांना म्हणाला, "आजचं भागेल. सोमवारी बघू." सोमवारी दुपारी नवा सॉकेट घेऊन आला तर गवंड्यानं सकाळीच फरशी बसवून टाकलेली. चकचकीत, नवी, मंडळीनं कौतुकानं बसवलेली. ती फोडा म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. सॉकेट खिशात घालून तो घरी गेला. पुढं हळूहळू तो ते विसरला. विसरला म्हणजे काय, माणूस जे सोयीचं ते विसरतो.

तो बाहेर आला आणि पूर्वेच्या भिंतीकडं बघितलं. आणि तेव्हा दुसरा धक्का बसला.

मोठ्या पाळकांच्या कबरीभोवती हिरवळ होती. दोन वर्षांच्या कोरड्या काळात आवारातलं गवत भाजून गेलं, झाडांनी पानं टाकली, पण त्या कबरीभोवतीचा दहा-बारा पावलांचा तुकडा हिरवागार. कुणी पाणी घालत नव्हतं. मंडळीला कारण सांगावं लागलं नाही. माणूस देवाचा होता, त्याच्या मातीवर आशीर्वाद आहे. लोक तिथं प्रार्थनेला येत. एका बाईची तापानं फणफणलेली पोरगी तिथं हात टेकवल्यावर बरी झाली होती. वकीलसाहेबांनी भोवती पांढरं कुंपण घालून 'शांतता राखा' अशी पाटी लावली होती. आणि मोठ्या पाळकांची बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चर्चच्या मागच्या खोलीत एकटी राहणारी, रोज सकाळी स्टूल घेऊन त्या हिरवळीशेजारी बसायची आणि नवऱ्याला काल काय काय झालं ते सांगायची.

तो चमत्कार वायसरच्या अर्ध्या आट्यांतून झिरपत होता.

त्यानं काय करायला हवं होतं हे सांगायला शहाणा लागत नाही. त्यानं ते केलं नाही. हौदाचा व्हॉल्व्ह तसाच आवळून ठेवला, किल्ल्या मावशींना दिल्या आणि घरी येऊन आंघोळीशिवाय झोपला. गळती बंद झाली ना? झाली. हौद भरायचा तेव्हा पाइपानं भरू. कुणाला कशाला सांगायचं?

मीटर धाडकन खाली आला. रोजचे बाराशे. मोजणीचा महिना सुरू झाला तो झोकात. रविवारी पाळकांनी आकडा वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर म्हणाले, "वायसर, तू आम्हाला छळलंस पण करून दाखवलंस." वायसर हसला. आणि पूर्वेच्या भिंतीकडं न बघता घरी गेला.

दहा दिवसांत हिरवळ पिवळी पडली.

आधी कडा, मग मधला भाग. लोक कुंपणाशी उभे राहून कुजबुजू लागले. देवानं हात काढून घेतला. का काढला? कारण वकीलसाहेबांनी शोधलं. ते उपासनेनंतर म्हणाले, "देवाच्या घरात आपण अर्धे ग्लास मोजायला लागलो. कंजूषपणा केला. ज्यानं भरभरून दिलं त्याला आपण बाटल्यांत वाळू भरून उत्तर दिलं. ही खूण आहे."

खूण म्हणे. या माणसाला आवारात गाडी धुता येत नव्हती याचं दुःख होतं, पण त्यानं त्याला इतका सुंदर झगा चढवला की अर्ध्या मंडळीनं माना डोलावल्या. पाळक काहीतरी बोलू बघत होते, पण त्यांचा आवाज आपला पत्र वाचण्याचाच. सोमवारी कबरीवर पाइप लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी. संडासातल्या बाटल्या कुणीतरी काढून मोरीपाशी ओळीनं ठेवल्या, वायसरला दिसाव्यात म्हणून. मीटर सव्वीसशेवर गेला.

"तुम्ही काही बोलत का नाही?" सुनेनं विचारलं. "एरवी तर कुणाचा नळ टिपकला तरी तीन गल्ल्या ऐकू जातं."

"लोकांची श्रद्धा आहे."

"तुमची कधीपासून लोकांच्या श्रद्धेशी एवढी दोस्ती झाली?"

तो ताटावरून उठला. सुनेनं त्याच्या पाठीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

पाइप लागल्याला सहा दिवस झाले होते. शनिवारी दुपारी वायसर चर्चच्या मागून चालला होता, तर पाळकीणबाई तिच्या खोलीतून पितळी तांब्या घेऊन येताना दिसली. दर चार पावलांनी थांबत होती. कुंपणाशी आली, वाकली आणि पाइपाचं पाणी न पोचलेल्या कोपऱ्यात तांब्या रिकामा केला. मग परत निघाली, दुसरा तांब्या आणायला.

"बाई, पाइप चालू आहे की. तुम्ही कशाला?"

"ते वकिलाचं पाणी. हे माझं." तिनं भिंतीचा आधार घेतला. "माझ्या खोलीची जोडणी वेगळी, तासभर नळ येतो, त्यातलं वाचवते. तीन दिवस आंघोळ केली नाही. म्हाताऱ्या बाईला हुंगायला कोण येतंय?"

"आणि प्यायला?"

तिनं रिकामा तांब्या उपडा करून दाखवला. मग स्टुलावर बसली. "वायसर, तू इथं सुरुवातीपासून आहेस. खरं सांग. माझं काय चुकलं असेल रे? गेल्या महिन्यात मी त्यांच्यावर चिडले होते. म्हटलं, तुम्ही सुटलात, मला मागं ठेवलंत. दुसऱ्या आठवड्यात गवत वाळलं. एवढ्यावर कुणी रुसतं का?"

वायसरला आयुष्यात पहिल्यांदा मोरीत जाऊन लपावंसं वाटलं. तो तिच्यासमोर मातीत बसला. आणि सांगितलं. शनिवार, सॉकेट, अर्धे आटे, फरशी, सोमवार, व्हॉल्व्ह, सगळं. सांगताना तो तिच्या चपलांकडं बघत होता.

पाइपाचं पाणी तेवढं वाजत होतं.

"किती वर्षं गळत होता?"

"एकतीस. आधी थेंब थेंब असणार. अलीकडं धार."

"आणि ते गेल्याला नऊ."

"हो."

"म्हणजे नऊ वर्षं माझ्या नवऱ्याला पाणी तू घालत होतास."

"हो बाई."

"आणि आभार मी देवाचे मानत होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. वायसरला वाटलं ती हसतेय, त्यानं वर बघितलं. ती हसत नव्हती. "तोंड वर करू नकोस. मला राग आलाय, तो नीट येऊ दे. सांधा गळला त्याचा नाही. सांधे गळतात. हे पंधरा दिवस मी माझी पापं धुंडाळत बसले आणि तू टाळ्या घेत होतास, त्याचा."

"चुकलं."

"चुकलं म्हणून मला एकटीला सांगून मोकळा होऊ नकोस. उद्या सगळ्यांसमोर सांग."

"बाई, लोकांचा त्या हिरवळीवर विश्वास आहे. तुटेल."

"ज्याचा विश्वास गवतावर होता त्याचा वाळला तर वाळू दे. बाहेरच्या नळावर तेरा घरं आहेत. ऊठ. आणि तांब्या भरून आण, घसा कोरडा पडलाय. पूर्ण भर, अर्धा नको."

रविवारी प्रभुभोजन होतं. उपासना संपली, वाईट बातम्यांची वेळ आली, आणि वायसर शेवटच्या बाकावरून पुढं चालत गेला. हात कुठं ठेवावेत कळेना म्हणून खिशातले वायसर मुठीत धरले.

"ती हिरवळ माझ्यामुळं होती," तो म्हणाला. "देवामुळं नाही. मी हौदाचा सांधा अर्धवट बसवला आणि ते लपवलं. पाणी तिथून कबरीखाली जात होतं. तीन आठवड्यांपूर्वी मला कळलं, मी व्हॉल्व्ह बंद केला आणि ते पण लपवलं. गवत त्यानं वाळलं. तुमच्या अर्ध्या ग्लासांनी नाही. तुम्हाला मी ग्लास मोजून दाखवले, आणि सगळ्यात मोठा गळका ग्लास माझाच होता. संपलं."

मग ती बाई उठली, जिची पोरगी तापातून उठली होती. "मग माझी पोरगी?"

"पोरगी बरी झाली ती झालीच, ताई. ते काही मला परत घेता येत नाही."

"औषध मी दिलं होतं," सून बसल्या जागेवरून म्हणाली. "पण दर दोन तासांनी तुम्ही तिला उठवून पाजलंत, झोपला नाहीत. ते मी बघितलंय. ते गवताच्या नावावर कशाला टाकता?"

बाई खाली बसली. रडली थोडी. शेजारणीनं तिचा हात धरला.

वकीलसाहेब म्हणाले, "ही सरळ सरळ मंडळीची फसवणूक आहे. यावर पंचांनी रीतसर बैठक..."

तेवढ्यात पाळक व्यासपीठावरून खाली उतरले. मधल्या वाटेनं चालत, पांढऱ्या झग्यासकट दारातून बाहेर पडले. सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीतून दिसलं, ते पूर्वेच्या भिंतीशी वाकले आणि कबरीवरचा पाइप बंद केला. परत आले तेव्हा झग्याची खालची कड चिखलानं भरली होती. म्हणाले, "बैठक नंतर घेऊ. आधी किती पाणी उरलंय ते सांगा." या खेपेला आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट पोचला.

वायसरला आकडा पाठ होता. मोजणीला बारा दिवस आणि दहा हजार लिटर. रोजचे साडेआठशे सुद्धा नाहीत. त्यातले साडेसहाशे बाहेरच्या नळाचे.

"म्हणजे अख्ख्या चर्चला दोनशे," मास्तर म्हणाले. "एवढ्यात तर माझ्या गायकांचे गळेसुद्धा..." आणि वायसरकडं बघून स्वतःच थांबले.

मग स्वयंपाकघरात तोबा गर्दी झाली. प्रत्येकाकडं उपाय होता आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्यानं काय बंद करावं याबद्दल होता. त्या गर्दीतून मावशी एक पातेलं दोन्ही हातांनी धरून निघाल्या. "सरका. सांडेल."

"कुठं निघालात?" वायसरनं विचारलं.

"कुठं म्हणजे? प्रभुभोजनाचे पेले विसळलेलं पाणी आहे. मोरीत ओतू का? ते मातीतच घालायचं असतं."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मंडळीत पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलं होतं. पेल्यांचं पाणी गटाराला लागू द्यायचं नाही, स्वच्छ जागी मातीत ओतायचं.

पाळकीणबाई दाराशी बसली होती. तिनं काठीनं ओट्यावरची दुसरी बादली दाखवली. चहाचे कप विसळलेलं पाणी. "आणि ते?"

"ते मोरीत," मावशी म्हणाल्या.

"का?"

मावशींनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी पाळकांकडं बघितलं. पाळकांनी बादलीकडं बघितलं.

"आमच्याकडं मोरी ओली करायची ऐपतच नाही," फाटकाबाहेरच्या नळावरची एक बाई खिडकीतून म्हणाली. रविवारी ती हंडा भरता भरता गाणी ऐकायची. "कप धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, फरशीचं संडासात घालायचं. एका पाण्यानं तीन कामं केल्याशिवाय ते सोडायचं नाही. यात शिकायचं काय आहे?"

त्या बारा दिवसांत चर्चमधलं एकही पाणी एकदा वापरून सुटलं नाही. मोरीच्या तोंडावर मावशींनी पाट ठेवला आणि वर स्वतः बसल्या, म्हणजे कुणाची ओतायची हिंमत होऊ नये. हात धुतलेलं पाणी टबात, टबातलं फरशीला, फरशीचं संडासाला. फुलदाण्या रिकाम्या केल्या आणि त्यांत सुकलेल्या फांद्या ठेवल्या. वाईट दिसत नव्हत्या. वकीलसाहेब पुढच्या रविवारी आले नाहीत. देवाचं काही अडलं नाही.

आणि वायसरनं फरशी फोडली. छिन्नी-हातोडा घेऊन, गुडघ्यांवर बसून, पूर्वेच्या भिंतीलगत एकतीस वर्षांपूर्वीची ती कौतुकाची फरशी. मास्तर मदतीला आले आणि मदतीपेक्षा सूचना जास्त करू लागले. दीड हात खाली सांधा सापडला. ताग कुजून काळा झालेला, आटे गंजून खाल्लेले. वायसरनं तो कापून काढला आणि नवा तुकडा नव्या सॉकेटनं जोडला. पुरे आटे, आवळून. व्हॉल्व्ह उघडला आणि तिथंच कोरड्या कापडावर हात ठेवून तासभर बसला. कापड कोरडं राहिलं.

"आता बुजवू?" मास्तर म्हणाले.

"नाही. आठवडाभर उघडा ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघू दे."

त्या आठवड्यात प्रत्येकजण वाकून तो सांधा बघून गेला. काहींनी बोट लावून बघितलं. एकानं विचारलं, "हा तरी गळणार नाही ना?" वायसरच्या जिभेच्या टोकाशी चाळीस वर्षांचं वाक्य आलं. ते त्यानं गिळलं. "बघत राहा," तो म्हणाला. "गळला तर सांगा."

मोजणीला खात्याचा माणूस शनिवारी आला. मीटरच्या झाकणावरच्या खडूच्या आकड्यांची गर्दी बघून म्हणाला, "हे कोण शाळा घेतंय इथं?" त्यानं वहीत आकडा लिहिला, मागचा वजा केला, पुन्हा एकदा वजा केला.

"एकोणचाळीस हजार सहाशे."

मावशी मटकन पायरीवर बसल्या. मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. पाळकांनी त्या माणसाला पाणी विचारलं, आणि ग्लास अर्धाच दिला. त्यालाही तेवढंच हवं होतं.

पाळकीणबाई तिच्या जागी बसली होती. कुंपण काढून टाकलं होतं. कबरीभोवती पिवळं, खरखरीत गवत, आणि मधोमध ताटाएवढा एक हिरवा ठिपका, जिथं मावशी पेल्यांचं आणि आता चहाच्या कपांचंही पाणी ओतत.

"बघ," ती वायसरला म्हणाली. "आता लहान झालाय. पण कुणी घातलं ते ठाऊक आहे."

"राग गेला, बाई?"

"थोडा ठेवलाय. उपयोगी पडतो."

फाटकाबाहेर हंड्यांची रांग लागली होती. ती खिडकीतली बाई नळाशी होती. वायसरला बघून म्हणाली, "काका, नळ पुरा बंद होत नाही, थेंब थेंब गळतोय. पण घाई नाही. आता संध्याकाळ झाली. सोमवारी बघितलंत तरी चालेल."

वायसरनं खिशातून अर्ध्या इंचाचा वायसर काढला होता. सून दवाखान्यातून येऊन त्याची जेवायला वाट बघत फाटकाशी उभी होती. तिनं त्याच्या पिशवीतून पाना काढला आणि त्याच्या हातात दिला.

"हंडा सरका," वायसर म्हणाला. "पाच मिनिटं लागतील."